मकरॉस हाउस: राणीची खोली, नोकरांच्या घंटा आणि एक बुडीत खातं

तुमचा प्रश्न असा: मे अखेरीस आई-बाबा तुमच्याकडे डब्लिनला येणार, त्यातल्या दोन रात्री किलार्नीत. म्हणजे हातात पूर्ण दिवस एकच. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, गुडघे कुरकुरतात. आई शुद्ध शाकाहारी. दोघांनी उदयपूर, जयपूर, म्हैसूर सगळं पाहिलंय. मग त्यांना राष्ट्रीय उद्यानातलं मकरॉस हाउस दाखवावं, की सरळ रिंग ऑफ केरीच्या बसमध्ये बसवावं?

मकरॉस दाखवा. आणि अख्खा दिवस त्यालाच द्या.

मी २०११ पासून पुण्याहून दहा-बारा जणांचे गट आयर्लंडला नेतोय. गटातली बहुतेक मंडळी तुमच्या आई-बाबांच्याच वयाची. पहिल्या वर्षी मी दोन्ही गोष्टी एका दिवसात कोंबल्या होत्या. रिंग ऑफ केरी म्हणजे १७९ किलोमीटरचा वळणावळणाचा फेरा. तो करून संध्याकाळी मकरॉसच्या दारात उतरलो तेव्हा हातात जेमतेम पाऊण तास होता. लोक खोल्यांमधून भराभर फिरले, बाहेर हिरवळीवर फोटो काढले आणि गाडीत बसले. जेवताना मी विचारलं, कसा वाटला? एक काकू म्हणाल्या, "बरा होता हो वाडा. पण आपल्याकडचे मोठे." चूक त्यांची नव्हती. मी त्यांना घराचा दर्शनी भाग दाखवला होता, घराची गोष्ट सांगितलीच नव्हती.

म्हणून आधी एक गोष्ट मनातून काढा. म्हैसूरचा राजवाडा समोरच्याचे डोळे दिपावेत म्हणून बांधलाय. मकरॉस त्या पंगतीत बसवलंत तर आई-बाबांची निराशा नक्की. पासष्ट खोल्यांचं हे घर एका जमीनदार कुटुंबाचं होतं. राजघराण्याचा यात संबंध आला तो एका पाहुणीपुरता, आणि तो पाहुणचार बराच महागात पडला. त्या घरात पाहायची असते ती पैशाची ये-जा. कुठून आला, कशावर उधळला, कर्ज कधी झालं आणि शेवटी जागा कुणाच्या नावावर गेली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला आमच्या गटात एक निवृत्त बँक मॅनेजर काका होते. मी गोष्ट सांगत होतो, ते मान डोलवत होते. जेवणाच्या दालनात थबकले आणि शांतपणे म्हणाले, "म्हणजे हे घर नाही, एनपीए आहे." एनपीए म्हणजे बँकेच्या भाषेत बुडीत कर्जखातं. तेव्हापासून मी हे घर तसंच दाखवतो.

हिशोब पहिल्या पानापासून मांडू. मकरॉस हे नाव आयरिश भाषेतलं, अर्थ डुकरांचं द्वीपकल्प. तीन तळी आहेत: खालचं लॉक लेन, मधलं मकरॉस आणि वरचं. लॉक लेन आणि मकरॉस यांच्या मध्ये जमिनीची जी जीभ आत शिरलेली आहे, तिच्या मुळाशी हे घर उभं आहे. हर्बर्ट घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या जमीन राखून होतं. अठराव्या शतकात याच द्वीपकल्पावर तांब्याच्या खाणी चालल्या, त्यातूनही पैसा आला. सध्याचं घर १८३९ ते १८४३ या काळात हेन्री आर्थर हर्बर्ट आणि त्याची बायको मेरी बालफोर हर्बर्ट यांनी बांधलं. हर्बर्टांचं या जागेवरचं हे चौथं घर. आराखडा विल्यम बर्न या स्कॉटिश वास्तुविशारदाचा, शैली ट्यूडर: उंच चिमण्या, टोकदार त्रिकोणी माथे, दगडी चौकटींच्या खिडक्या. दर्शनी दगड इंग्लंडमधून समुद्रमार्गे आणलेला पोर्टलंड.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. घर पूर्ण झालं १८४३ मध्ये. बटाट्यावर करपा पडला १८४५ मध्ये, आणि पुढची काही वर्षं आयर्लंडमध्ये तो भीषण दुष्काळ चालला, ज्यात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. केरीसारख्या पश्चिमेकडच्या भागांना त्याचा फार मोठा फटका बसला. जमीनदाराचं उत्पन्न म्हणजे कुळांचा खंड. कुळंच उपाशी तर खंड कुठला? हे गटाला सांगितल्यावर हिरवळीवरचं घर वेगळं दिसायला लागतं. मी ते आत शिरायच्या आधी, बाहेर उभं राहूनच सांगतो. आत गेल्यावर लोकांचं लक्ष झुंबराकडे जातं.

पुढचं पान महाराणी व्हिक्टोरियाचं. जिच्या नावाचा जाहीरनामा १८५८ मध्ये आपल्याकडे गावोगावी वाचून दाखवला गेला, तीच ही. ऑगस्ट १८६१ मध्ये ती प्रिन्स अल्बर्ट आणि मुलांसह किलार्नीला आली आणि दोन रात्री मकरॉसला राहिली. दोनच रात्री! त्यासाठी घर आणि बाग सजवण्याचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. जेवणाच्या दालनातले पडदे याच भेटीसाठी ब्रसेल्सहून विणून आणल्याचं मार्गदर्शक आवर्जून सांगतात. राणीला आगीची धास्ती, म्हणून तिची झोपायची खोली तळमजल्यावर. या खोलीत बायका पलंग पाहतात आणि पुरुष खिडक्या मोजतात, असा माझा अनुभव आहे.

एवढा खर्च का केला? राणीची मेहरबानी झाली तर पदवी मिळेल, पदवीबरोबर घराण्याचं बस्तान बसेल, ही आशा होती असं मानलं जातं. हर्बर्ट काही लहान माणूस नव्हता, १८५७-५८ मध्ये तो ब्रिटिश सरकारचा आयर्लंडसाठीचा मुख्य सचिव होता. पण राणी परत गेल्यावर साडेतीन महिन्यांतच, डिसेंबर १८६१ मध्ये, अल्बर्ट वारला. राणी दुःखात बुडाली, मकरॉसचा पाहुणचार कुणाच्या लक्षात राहणार? हर्बर्ट १८६६ मध्ये गेला. घरावरचा बोजा वाढत गेला, आणि शतक संपता संपता ज्या विमा कंपनीकडे जागा गहाण होती तिने ती ताब्यात घेतली. गावाकडे एखाद्या घराण्याने मुलीच्या लग्नात गाव जेवू घालून जमीन सावकाराच्या घशात घातल्याची गोष्ट तुमच्या बाबांनी नक्की ऐकली असेल. त्यांना ही लगेच कळेल.

१८९९ मध्ये लॉर्ड आर्डिलॉन यांनी जागा ६०,००० पौंडांना घेतली. हे गिनेस दारूभट्टीच्या घराण्यातले. त्यांनी ती बहुतेक काळ शिकारीसाठी येणाऱ्या श्रीमंतांना भाड्याने दिली. मग १९११ मध्ये आला विल्यम बोअर्स बोर्न, कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींचा मालक. त्याची मुलगी मॉड आणि जावई आर्थर रोझ व्हिन्सेंट यांना लग्नाची भेट म्हणून त्याने हे सगळं विकत घेऊन दिलं. पुढच्या वीसेक वर्षांत या कुटुंबाने जागेवर १,१०,००० पौंड खर्च केले. म्हणजे आर्डिलॉननी मोजलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. आज आपण ज्या बागा पाहतो त्यांचं रूप बरंचसं या काळातलं: खोलगट केलेली चौकोनी बाग, ओढ्याकाठची बाग, आणि जमिनीतून नैसर्गिकरीत्या वर आलेल्या चुनखडीच्या खडकावर रचलेली दगडी बाग.

मॉड १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने गेली. तिच्या आई-वडिलांनी आणि नवऱ्याने १९३२ मध्ये घर आणि दहा हजार एकरांहून जास्त जमीन आयरिश राष्ट्राला देऊन टाकली. त्यासाठी वेगळा कायदा झाला, 'बोर्न व्हिन्सेंट मेमोरियल पार्क' या नावाने, आणि आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान त्यातून उभं राहिलं. सगळे म्हणतात 'उद्यानातली हवेली'. खरा क्रम उलटा आहे, त्या घराची जमीन उद्यान झाली. पुढे आजूबाजूच्या जमिनी जोडल्या जाऊन आज किलार्नी राष्ट्रीय उद्यान दहा हजार हेक्टरांच्या पुढे गेलंय. १९८१ पासून ते युनेस्कोचं जीवावरण क्षेत्रही आहे.

तुमच्या ओळखीचं कुणी सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहत असेल, आणि मराठी घरात असतंच, तर त्यांना फिलोली माहीत असेल. वुडसाइडचं ते बागांसाठी प्रसिद्ध घर याच बोर्नचं. तिथल्या नृत्यदालनाच्या भिंतींवर मकरॉस आणि किलार्नीची तळी रंगवलेली आहेत. आमच्या गटातल्या एका जोडप्याने लेकीकडे गेल्यावर ती चित्रं पाहिली होती, पण हे तळं कुठलं ते त्यांना माहीत नव्हतं. मकरॉसच्या हिरवळीवर उभं राहिल्यावर बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला, कॅलिफोर्नियात तेव्हा पहाटेचे चार वाजलेले.

आता प्रत्यक्ष दिवसाचं.

गाडीने येत असाल तर प्रश्नच नाही, आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. रेल्वेने यायचं तर डब्लिन ह्यूस्टनहून निघा. बहुतेक गाड्यांना मॅलो स्थानकावर बदलावं लागतं, एकूण साडेतीन तास धरा. मुक्काम किलार्नी गावातच ठेवा. मकरॉस तिथून केनमेअरच्या रस्त्याला सुमारे सहा किलोमीटर.

सकाळी घराच्या आधी मठ. ज्याला मकरॉस ॲबी म्हणतात तो फ्रान्सिस्कन साधूंचा मठ, १४४८ मध्ये स्थापन झालेला, सतराव्या शतकात क्रॉमवेलच्या फौजांनी उद्ध्वस्त केलेला. छप्पर नाही, भिंती शाबूत. मधल्या चौकात यू जातीचं एक प्रचंड झाड आहे, त्याच्याभोवती कमानींची ओवरी फिरते. हे झाड मठाइतकंच जुनं असल्याचं सांगतात. इथे उभं राहिलं की आपल्या माणसांना आपोआप देवळाच्या आवारातला पार आठवतो. केरीचे काही मोठे गेलिक, म्हणजे आयरिश भाषेतले, कवी याच आवारात पुरलेले आहेत. रस्त्यापासून मठ दहा मिनिटांच्या सपाट वाटेवर, बाबांना जमेल. आत जिने आहेत, ते चढायची गरज नाही. चौक तळालाच आहे.

मठापासून घरापर्यंत जायला जाँटिंग कार घ्या. घोड्याची उघडी गाडी, हाकणाऱ्याला जार्व्ही म्हणतात. घराच्या भोवतीच्या जमिनीवर मोटारींना वाहनतळापलीकडे सोडत नाहीत, त्यामुळे तळ्याकाठच्या वाटांवर टापांचा आणि सायकलच्या घंटीचा आवाज तेवढा असतो. आपल्या माथेरानसारखं, फक्त लाल मातीऐवजी शेवाळ. मुंबईच्या व्हिक्टोरियात बसलेली पिढी तुमची आई असेल तर तिला हे फार आवडेल. दोन गोष्टी पाळा. भाडं गाडीचं की माणशी, जाऊन-येऊन की एकेरी, हे चढायच्या आधी ठरवा. मी एकदा न ठरवता बसलो आणि उतरताना आमचा हिशोब जुळला नाही, चूक माझीच होती. दुसरं, पायरी उंच असते. बाबांना आधी चढवा, सावकाश. जार्व्ही लोक बोलघेवडे, त्यांची गोष्ट निम्मी खरी निम्मी रंगवलेली असते. ऐकून घ्या, मजा येते.

घराची तिकिटं आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर पाहून घ्या. उद्यानात फिरायला पैसे पडत नाहीत. मी दर खेपेला मार्गदर्शकासोबत आत गेलोय, आणि शक्य असेल तर तुम्हीही तसंच जा. जिन्यांबद्दल तिकीट खिडकीवर मोकळेपणाने विचारा, बाबांच्या गुडघ्यांचं सांगून ठेवा. ते लोक सांभाळून घेतात.

आत शिरताच मोठ्या दालनात भिंतीवर एक कवटी आणि शिंगं दिसतील. ही सांबराची नाहीत. हा आयर्लंडचा महाकाय हरीण, जो इथून दहा हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. त्याची शिंगं टोकापासून टोकापर्यंत साडेतीन मीटरपर्यंत भरत, आणि ती दलदलीच्या जमिनीत गाडलेली सापडतात. बाकी भिंतींवरची डोकी मालकांनी मारलेल्या प्राण्यांची; हे एकच असं, ज्याची शिकार त्यांच्यातल्या कुणीही केलेली नाही.

लाकूडकामाकडे आईचं लक्ष वेधा. तिने म्हैसूर पाहिलंय, शिसवी लाकडात केलेलं जडावकाम पाहिलंय. इथे एकोणिसाव्या शतकात किलार्नीच्या सुतारांनी तसाच एक धंदा उभा केला होता. आर्ब्युटस नावाचं झाड मूळचं भूमध्य समुद्राकडचं, पण केरीच्या तळ्यांकाठी रानात वाढतं. त्याच्या लाकडाच्या तुकड्यांनी मेजांवर, लिहायच्या पेट्यांवर मठाचे, नेच्यांचे, तळ्यांचे देखावे जडवायचे. येणारे प्रवासी ते विकत घेऊन जात. आज आपण चुंबकाची चित्रं घेतो, तेव्हा लोक मेज घ्यायचे. घरातल्या या वस्तू नीट पाहा. एखाद्या मेजावर तुम्ही सकाळी प्रत्यक्ष पाहिलेला मठच जडवलेला दिसेल. मठ आधी पाहा म्हणालो ते यासाठीही.

मेरी हर्बर्टची जलरंगातली चित्रंही लावलेली आहेत. बहुतेक गट त्यांच्यासमोरून निघून जातात. मला घरातली ही सगळ्यात आवडती गोष्ट. नवऱ्याने राणीसाठी पडदे मागवले, बायको छत्री घेऊन बाहेर बसून तळ्यावरचं धुकं रंगवत राहिली, असं माझ्या मनाने घेतलंय. धुकं मात्र तिने अचूक पकडलंय; बाहेर पडल्यावर तुलना करून पाहा.

वरच्या मजल्यापेक्षा तळघराला वेळ द्या. बाबांना एकच जिना झेपणार असेल तर खाली उतरण्यासाठी वापरा. विल्यम बर्नची ख्याती अशा घरांसाठी होती, ज्यात घरमालक आणि नोकर एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. खाली आलात की ती ख्याती म्हणजे काय ते कळतं. स्वयंपाकघर, भांडी घासायची जागा, दारूचं कोठार, आणि भिंतीवर ओळीने टांगलेल्या घंटा. वर कुणी दोरी ओढली की खाली घंटा वाजायची, आणि प्रत्येक घंटेचा नाद वेगळा, म्हणजे मान वर न करताही कुठल्या खोलीतून बोलावणं आलंय ते कळायचं. त्या ओळीपुढे आमच्या गटातल्या एक आजी बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांचं बालपण कोल्हापूरकडच्या एका मोठ्या वाड्यात गेलेलं, आई तिथे स्वयंपाकाला होती. म्हणाल्या, "आमच्याकडे घंटा नव्हती. टाळी वाजवायचे." पुढे काही बोलल्या नाहीत. मीही नंतरचा मुद्दा सांगायचा विसरलो.

आतले फोटो आम्हाला काढू दिले नव्हते. विचारून घ्या, उगाच मोबाइल वर करू नका.

एव्हाना दीड वाजला असेल. जेवायला कुठे लांब जाऊ नका, घराशेजारच्या आवारातच उपाहारगृह आहे. आईसाठी: भाजीचं सूप आणि तपकिरी सोडा ब्रेड. पण सूपचं पाणी कोंबडीचं नाही ना, हे स्पष्ट विचारा. 'व्हेजिटेबल सूप' या नावावर विसंबून राहू नका. स्कोन (छोटा, भाजलेला गोडसर पाव), लोणी आणि जॅम हा खात्रीचा पर्याय. बरोबर चटणीची पुडी आणि चार थेपले ठेवलेत तर कुणी हसणार नाही. आमच्या गटात तर शेंगदाण्याची चटणी आणि आयरिश लोणी या जोडीला आता नाव पडलंय, ते इथे सांगण्यासारखं नाही.

दुपार शेतांवर. हा भाग बहुतेक जण वगळतात आणि माझ्या मते तिथेच फसतात. घरापासून जवळच 'मकरॉस ट्रॅडिशनल फार्म्स' आहेत, १९९३ मध्ये सुरू झालेले. खेड्यात वीज येण्याआधीचा, १९३०-४० च्या दशकांतला केरीचा शेतकरी कसा राहायचा ते दाखवणारी लहान, मध्यम आणि मोठी अशी तीन शेतघरं, शिवाय मजुराची झोपडी, लोहाराचा भाता, सुताराचं दुकान. घरात चूल पेटलेली असते. जळण म्हणजे टर्फ, दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली काळी माती. त्याचा धूर गोवरीच्या धुराचा सख्खा भाऊ. झाकणावर निखारे ठेवून भांड्यात ब्रेड भाजतात, लोणी काढतात. काळ्या रंगाच्या ठेंगण्या केरी गायी पाहा. ही इथली मूळची दुभती जात. इथलं चालणं मोठं आहे, पण शेतांमध्ये जुन्या धाटणीची गाडी फिरते, ती बाबांना कामाला येईल. चालू आहे की नाही ते खिडकीवर विचारा.

सकाळी पडदे आणि दुपारी ही झोपडी, हा क्रम मी मुद्दाम ठेवतो. घरातल्या प्रत्येक वस्तूचं बिल ज्यांच्या खंडातून फिटायचं, त्यांच्या नातवंडांचं स्वयंपाकघर हे. आणि एक आठवण: सरकारला देणगी मिळाल्यावर घर तीसेक वर्षं बंदच होतं. जमीन उद्यान झाली, पण एवढ्या मोठ्या घराचं करायचं काय? १९६४ मध्ये ते उघडलं, तेही लोकजीवनाचं संग्रहालय म्हणून. जमीनदाराच्या दिवाणखान्याच्या खाली शेतकऱ्याची अवजारं येऊन बसली.

वेळ उरला, आणि मे अखेरीस उरतोच कारण साडेनऊनंतरही उजेड असतो, तर बागेत बसा. ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया त्या सुमारास फुललेले असतात. कौतुक करा, पण एक गोष्ट माहीत असू द्या: यातलीच पॉन्टिकम ही जांभळ्या फुलांची जात बागांमधून निसटून किलार्नीच्या ओकच्या रानात घुसली आहे. तिच्या दाट सावलीखाली दुसरं रोप उगवत नाही, आणि ती उपटण्यात उद्यानाची कित्येक दशकं गेली आहेत. आपल्या घाणेरीसारखंच. शोभेला आणली, रान घेऊन बसली.

टॉर्क धबधबा सुमारे २० मीटरचा. घरापासून पायवाट आहे, पण बाबांसाठी गाडीने रस्त्यावरच्या थांब्यापर्यंत जा. तिथून थोडंसं चाललं की धबधबा समोर. वरच्या पायऱ्या सोडा. तुम्ही स्वतः दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घेऊन मकरॉस तळ्याची फेरी मारा, सुमारे दहा किलोमीटर. वाटेत रीनाडिना हे चुनखडीवरचं यूचं रान लागतं. असं रान पश्चिम युरोपात फार थोड्या ठिकाणी उरलंय. सायकलींची वाट एकाच दिशेची आहे, बाण पाहून चला.

लाल हरणं दिसतील. आयर्लंडच्या भूमीवर मूळचा कळप फक्त इथे टिकला. लांबूनच पाहा, मेअखेर आणि जूनमध्ये पाडसं गवतात लपवलेली असतात, जवळ गेलात तर आई बिथरते. आणि गवतात बसायचं असेल तर पायमोजे विजारीवर ओढा: गोचीड. रात्री खोलीवर गेल्यावर पायांच्या मागच्या बाजू तपासा. चावलेल्या जागी पुढच्या आठवड्यांत लाल कडं उठलं तर डॉक्टरांना दाखवा, 'किलार्नीला गेलो होतो' हे सांगा, त्यांना पुढचं कळतं.

पाऊस पडणारच. केरीत तो आपल्या आषाढासारखा कोसळत नाही, दिवसभर रेंगाळतो. छत्री वाऱ्यात उलटते. टोपीवालं जाकीट आणि न घसरणारे बूट. अगदीच झोड उठली तर क्रम बदला: सकाळी घर, जेवण, मग उघडीप मिळेल तेव्हा मठ. शेतं मात्र सोडू नका, पावसात चुलीजवळची जागा आणखी बरी वाटते.

आणि लेडीज व्ह्यू? राणीबरोबर आलेल्या स्त्रियांना तिथला देखावा आवडला, म्हणून रस्त्याच्या त्या वळणाला हे नाव पडलं. परतीच्या सकाळी केनमेअरच्या रस्त्याने जाऊन पाहून या, गाडीतून उतरून वीस पावलं. तिन्ही तळ्यांचं खोरं खाली पसरलेलं असतं. आदल्या दिवशी घर पाहिलेलं असल्यामुळे बाबा तिथे उभे राहून विचारतील, हे सगळं त्या हर्बर्टचं होतं का. सगळं नाही म्हणावं, निम्मं शेजारच्या जमीनदाराचं होतं. राणी एक रात्र त्याच्याकडेही राहिली होती.